गृहपाठातील पदार्थविज्ञान
(महोत्सवी सभेतील भाषण)



बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे या सभेला सांगावयास नको. शाळेच्या दाराचा प्रश्न त्या पिढीने सोडविला. आमच्यापुढे आहे तो संध्याकाळचा प्रश्न. अकरावीतल्या मुलाचे पदार्थविज्ञानाचे उदाहरण अडले आणि घरात विचारावे असे कोणी नसले, तर त्याने जावे कोठे? आपल्या संस्थेच्या अभ्यासवर्गात आम्ही हेच काम करतो, म्हणून त्याविषयी बोलावे असा विश्वस्तांचा आग्रह पडला.

मदत कशाला म्हणावे येथूनच मतभेद सुरू होतात. कित्येक पालक म्हणतात, "मास्तर, एवढे उदाहरण सोडवून द्या, उद्या वही दाखवायची आहे." त्यांची निकड खोटी नव्हे. दिवसभर नोकरी करून आलेल्या माणसाने आणखी काय म्हणावे? परंतु नुसती उत्तरेच पाहिजे असतील तर आमची गरज उरलेली नाही. हल्ली प्रश्नाचे छायाचित्र मोबाइलला दाखविले की पायऱ्यांसकट उत्तर हजर होते. परीक्षेच्या दालनात मात्र ना मोबाइल असतो, ना आम्ही.

एक उदाहरण घेऊ. टेबलावर २ किलोग्रॅमचा ठोकळा स्थिर आहे. स्थितिक घर्षणांक ०.४. त्यास ५ न्यूटन बलाने आडवे ओढले, तर त्वरण किती? मुलाला सूत्र पाठ असते. ०.४ गुणिले २ गुणिले ९.८, म्हणजे घर्षण ७.८४ न्यूटन. पाचातून ते वजा करावयाचे, दोनाने भागावयाचे. उत्तर येते उणे १.४२. म्हणजे पुढे ओढलेला ठोकळा मागे पळू लागला! आकडेमोडीत एक चूक नाही, आणि मुलगा उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळा होतो.

अशा वेळी 'चूक' असे म्हणून खरे उत्तर सांगणे सर्वांत सोपे. आम्ही ते करीत नाही. "तुझे दप्तर टेबलावर ठेव आणि एका बोटाने हळूच ओढ," एवढेच सांगतो. दप्तर हलत नाही. मग विचारतो, "तू ओढतोस, तरी ते हलत नाही. मग घर्षण किती असले पाहिजे?" थोडा वेळ शांतता असते. ही शांतता सोसणे शिकविणाऱ्यास फार जड जाते, जीभ वळवळते. पण बहुतेक मुले स्वतःच म्हणतात, "मी ओढतो तेवढेच." झाले! ७.८४ ही घर्षणाची कमाल मर्यादा. तिच्या आत ते ओढण्याइतकेच असते. येथे घर्षण ५ न्यूटन, त्वरण शून्य.

लिफ्टच्या उदाहरणातही तीच गत. 'वर जाताना वजन वाढते' ही समजूत मोठ्या माणसांचीही असते. ५० किलोग्रॅमचा मुलगा वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट वर जाण्यास निघताना त्वरण २ असेल, तर काट्यावरचे बल ५९० न्यूटन. वरच जात असताना तितक्याच दराने ती मंदावू लागली, की ३९० न्यूटन. मधल्या मजल्यांवर समान वेगाने जाताना ४९०, जमिनीवर उभे असताना असते तेवढेच. प्रश्न दिशेचा नाही, वेग कसा बदलतो याचा आहे. मुलांना बलांची आकृती काढावयास लावली की हे उमगते. आकृती नसलेली वही आम्ही पाहतच नाही, यावर रुसवेफुगवे होतात ते होवोत.

आमच्या गावची आणखी एक अडचण आहे, ती पुण्यामुंबईस ठाऊक नसावी. मूल गुजराती माध्यमात शिकते, तेथे त्वरणास 'प्रवेग' म्हणतात आणि वस्तुमानास 'दळ'. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला हे दोन्ही शब्द परके. आणि घरी आजोबा मोठ्या उमेदीने 'वस्तुमान, त्वरण' समजावू लागले, की नातू तोंडाकडे पाहत राहतो. यात आजोबांचाही दोष नाही आणि नातवाचाही. आमच्या फळ्यावर तिन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिलेले असतात. आजीआजोबांनी अवश्य यावे. शब्द जुळले की त्यांची मदत आमच्यापेक्षा सरस ठरते, कारण त्यांना घाई नसते.

काही पालकांनी मुले काढून घेतली, हे लपवीत नाही. "तिकडे नुसते प्रश्न विचारतात, सोडवून काही देत नाहीत," असा त्यांचा आक्षेप. तो अगदीच वावगा नाही. परीक्षा आठवड्यावर आली असता मुलाला तासभर एका ठोकळ्यापाशी बसविणे आम्हांसही परवडत नाही. त्या दिवसांत एखादे उदाहरण आम्ही पूर्ण सोडवून दाखवितो. मग वही मिटून तेच उदाहरण, आकडे बदलून, त्याच्याकडून करवून घेतो.

आता मागणे. महोत्सवी निधीतून शिष्यवृत्त्या वाढणार आहेत, त्या वाढाव्यातच. पण फीचे पैसे मिळालेल्या मुलाला संध्याकाळी बसायला जागाही पाहिजे. संस्थेची मागची खोली रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी, तिथला एक दिवा बदलावा, आणि एक स्प्रिंगचा काटा, दोन कप्प्या व मजबूत दोरा एवढे साहित्य घेऊन द्यावे. गुजराती माध्यमात विज्ञान शिकलेले कोणी सभासद आठवड्यातून दोन दिवस येऊ शकत असतील, तर त्यांनी सभेनंतर आम्हांस भेटावे. आम्ही दाराशीच उभे आहोत.