मायक्रोवेव्ह सर्किटचा पाया

बोईसर-तारापूरच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात हवा किती दमट असते, हे तुम्हाला सांगायला नको. रडार आणि मोबाइल टॉवरमधल्या मायक्रोवेव्ह सर्किटांना हाच दमटपणा घातक ठरतो.

ही सर्किटं तांब्याचा पातळ थर दिलेल्या पाटीवर कोरतात. पाटी टेफ्लॉनची असेल तर सिग्नल फारसा वाया जात नाही. पण तापल्यावर टेफ्लॉन तांब्याच्या कितीतरी पट प्रसरण पावतं. म्हणून त्यात सिलिका किंवा टायटॅनियम डायऑक्साइडची बारीक पूड मिसळतात. प्रसरण आवरतं. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पुडीने तर टेफ्लॉनचा 2.1 च्या आसपासचा परावैद्युतांक, म्हणजे पदार्थात सिग्नल किती मंदावतो हे ठरवणारा आकडा, 10 पर्यंत नेता येतो; त्यामुळे सिग्नलची तरंगलांबी घटते आणि सर्किट लहान होतं.

खरी मेख पुढेच आहे. पुडीचे कण पाणी धरतात, टेफ्लॉन ते झटकतं. दोघांमध्ये फटी राहिल्या की ओल शिरते, आणि पाण्याचा परावैद्युतांक 80 च्या घरात! सिग्नल बिघडलाच. म्हणून कणांनीही पाणी झटकावं यासाठी त्यांच्यावर आधी सिलेन या रसायनाचा लेप देतात. मला यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच वाटतो.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-मेट या संशोधन संस्थेच्या त्रिशूर केंद्राने अशा पाट्यांवर संशोधन केलं आहे. पालघर-बोईसरच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, या विषयाकडे जरूर वळा.