तान्ह्या बाळाचे रडे आणि घराची जबाबदारी



दिवेलागणीची वेळ होते. महिन्याभराचे बाळ नुकतेच अंगावर प्यालेले असते. त्याला ताप नसतो, दुपटेही कोरडे असते. तरीही ते एकाएकी किंचाळून रडू लागते. चेहरा लालबुंद होतो, मुठी आवळल्या जातात, पाय पोटाशी ओढले जातात. खांद्यावर घेतले, थोपटले, झोळीत घातले, तरी रडे थांबत नाही. दोन-तीन तासांनी ते आपोआप शमते आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा सुरू होते. अशा वेळी घरातून पहिला प्रश्न येतो तो आईला : "आज काय खाल्लेस?" आधीच थकलेल्या बाळंतिणीवर अपराधाचे ओझे चढते. हे ओझे अनाठायी आहे.

या रडण्याला आपल्याकडे पोटशूळ म्हणतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली त्याची सोपी खूण सांगितली. अन्यथा निरोगी असलेले बाळ दिवसाला ३ तासांहून अधिक, आठवड्यातून ३ दिवसांहून अधिक आणि ३ आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर तो पोटशूळ समजावा. १९६२ साली डॉ. बेरी ब्राझेल्टन यांनी ८० निरोगी बालकांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सर्वसाधारण बाळाचेही रडणे सहाव्या आठवड्यात शिगेला पोहोचून पुढे उतरत जाते, असे त्यांना आढळले. पोटशुळाचे नेमके कारण अद्याप निश्चित झालेले नाही. मात्र आईच्या दुधावरील आणि वरच्या दुधावरील, दोन्ही बाळांना तो होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुधा आपोआप थांबतो.

सहाव्या आठवड्याची ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे बाळंतपणाची विश्रांती सव्वा महिन्याची मानली जाते. म्हणजे बाळाचे रडणे सर्वाधिक असते, नेमक्या त्याच सुमारास बाळंतीण कामाला लागते आणि मदतीचे हात आखडते घेतले जातात. ही मदत आणखी दोन महिने चालू राहणे अगत्याचे आहे.

काय करू नये?

हतबल झालेले घर उपाय शोधू लागते आणि धोका तेथेच असतो. एके काळी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या माता बाळाला अफूची 'बाळगोळी' देत. मेळघाटासारख्या भागात पोट फुगलेल्या बालकाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याची रूढी आढळली आहे. या उपायांनी शूळ जात नाही, जिवावर मात्र बेतते. पहिले ६ महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. घुटी, मध, ग्राइप वॉटर यांची गरज नाही. डायसायक्लोमीन हे पोटदुखीवरील औषध ६ महिन्यांखालील बालकांच्या श्वासोच्छ्वासास घातक ठरू शकते. म्हणून दुकानातून परस्पर थेंब आणू नयेत. आईनेही मनानेच डाळी, भाज्या वा दूध वर्ज्य करू नये. तिला सकस आहाराची नितांत गरज असते.

काय करावे?

बाळाला उभे धरून छातीशी घ्यावे, पाजल्यावर ढेकर काढावी, मंद प्रकाशात हलके झुलवावे, अंगाई गुणगुणावी. एक उपाय आज लागू पडेल, उद्या पडणार नाही; त्यात कोणाचा दोष नसतो. घरातील माणसांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. संध्याकाळचे दोन तास बाळ वडिलांच्या वा आजीच्या खांद्यावर असावे आणि त्या वेळात आईने जेवावे, झोपावे.

संताप अनावर होऊ लागल्यास बाळाला सपाट अंथरुणावर, सुरक्षित जागी उताणे निजवावे आणि पाच-दहा मिनिटे बाजूला व्हावे. तेवढ्या रडण्याने बाळाला इजा होत नाही. परंतु रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवल्यास मेंदूत रक्तस्राव होऊन ते कायमचे अपंग होऊ शकते किंवा दगावू शकते. ही गोष्ट घरातील प्रत्येकाला माहीत असली पाहिजे.

डॉक्टरांकडे केव्हा?

ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त, पिण्यास नकार, फुगलेली टाळू, जांघेतील सूज, मलूलपणा किंवा वजन न वाढणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास तो पोटशूळ समजून थांबू नये. तत्काळ आरोग्य केंद्र गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेकडे आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी गृहभेट देते. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहाव्या आठवड्याची अखेर. त्या भेटीत बाळाच्या वजनाबरोबर आईची झोप आणि मनःस्थिती यांविषयीही मोकळेपणाने बोलावे. उदासी हटत नसेल, तर १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

बाळाचे रडे तीन-चार महिन्यांत सरते. त्या काळात आईला मिळालेला बोल किंवा आधार मात्र तिच्या दीर्घकाळ स्मरणात राहतो. म्हणून बाळ रडू लागले की "काय खाल्लेस?" असे विचारण्याऐवजी "आण त्याला इकडे, तू जरा पड" असे म्हणणारे कोणी तरी प्रत्येक घरात असावे.