घटसर्पाचे विष आणि लोखंडाची टंचाई



घटसर्प म्हटले की आपल्याला गोठा आठवतो. पावसाळ्याच्या तोंडी जनावराला एकाएकी ताप चढतो, गळा सुजतो, घरघर लागते. पण लहान मुलांच्या घशालाही घटसर्प होतो. नाव एकच, जंतू मात्र वेगळे. आज मुलांच्या घटसर्पाविषयी बोलू.

आपल्या बोरगाव मेघे भागातले उदाहरण घ्या. चुनखडीच्या वावरात लोखंड असते, पण ते झाडाला घेता येत नाही. संत्र्याची कोवळी पाने पिवळी पडतात. मुलाच्या घशातही तसेच. शरीरातले लोखंड प्रथिनांनी धरून ठेवलेले असते, जंतूला मोकळे मिळत नाही. उपाशी झाड पिवळे पडते. हा उपाशी जंतू मात्र विष सोडतो!

कसे, ते पाहा. जंतूत एक राखणदार असतो. लोखंड आहे तोवर तो विषाचे काम अडवून धरतो; लोखंड संपले की जागा सोडतो. लोखंड वाढले की विष घटते, हे १९३६ साली पापेनहायमर आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी दाखवले. लस करतानाही जंतूच्या खाद्यात लोखंड बेताचेच ठेवतात आणि निघालेले विष फॉर्मॅलिनने निर्विष करतात.

मग लोहाच्या गोळ्यांनी घटसर्प टळेल का? नाही. रक्त कमी असल्यास गोळ्या जरूर द्या, पण घटसर्पाला लसच हवी.

लक्षात ठेवा :

१. घसा दुखणे, थोडा ताप, घशात करडा पडदा, मान सुजणे ही लक्षणे. पडदा खरवडू नका, रक्त येते.

२. त्याच दिवशी वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठा. औषधाने जंतू मरतात, पण सुटलेले विष मारायला प्रतिविष लागते. विष हृदयात, नसांत शिरल्यावर प्रतिविषाचा उपयोग होत नाही. म्हणून उशीर नको.

३. लस ६, १०, १४ आठवड्यांनी. पुढे १६ ते २४ महिन्यांत, ५ ते ६ वर्षांत, मग १० व १६ व्या वर्षी. सरकारी केंद्रात ती मोफत मिळते. एखादी राहिली असेल तर आशाताईंना विचारा.

४. जनावरांची घटसर्पाची लस वेगळी. ती पावसाळ्यापूर्वी टोचून घ्या.

बैलाची लस आपण विसरत नाही. लेकराची तर मुळीच विसरू नका.