हर्नियाची जाळी आणि वर्षानंतरची तपासणी



जांघेत फुगवटा येतो, आडवं पडलं की आत जातो, खोकला आला की पुन्हा बाहेर. हा अंतर्गळ, म्हणजे हर्निया. गोळ्यांनी तो बरा होत नाही, पट्ट्याने नुसता दाबून राहतो. पोटाच्या भिंतीतली फट कायमची बुजवायची तर शस्त्रक्रिया लागते. त्रास फारसा नसेल तर काही दिवस थांबायचं की नाही, हे सर्जनला विचारून ठरवा. पण फुगवटा कडक झाला, दुखू लागला, आत जाईना, उलट्या होऊ लागल्या, तर आतडं अडकलेलं असू शकतं. मग रात्र असो, लग्नघर असो, थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.

या शस्त्रक्रियेत कमकुवत जागेवर बारीक जाळी बसवतात. शरीराचे धागे तिच्या छिद्रांतून वाढतात आणि भिंत भक्कम होते. जाळी बसवली की हर्निया पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. अडचण होती ती किमतीची. ज्याच्या घरी हमालीवर किंवा मजुरीवर चूल पेटते, त्याला कंपनीची जाळी परवडत नसे, मग नुसते टाके घालून भागवलं जाई.

आपल्या धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी यावर मच्छरदाणीच्या कापडाचा उपाय शोधला. ते कापड निर्जंतुक करून त्यांनी हर्नियासाठी वापरलं आणि वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या सहकाऱ्यांचे अनुभव एकत्र करून २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत मांडले. छोट्या गावातल्या डॉक्टरने एवढी शिस्तबद्ध नोंद ठेवली, याचा मला फार अभिमान वाटतो.

तरीही एक प्रश्न उरतोच. स्वस्त जाळी महागाइतकीच चांगली, हे कशावरून? त्याचं उत्तर युगांडातून आलं. तिथे ३०२ पुरुषांवर शस्त्रक्रिया झाली. कुणाला कोणती जाळी हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. डॉक्टरांच्या आवडीनिवडीला वाव नव्हता. आपल्याला कोणती जाळी बसली हे रुग्णाला माहीत नव्हतं, नंतर तपासणाऱ्यांनाही नव्हतं. वर्षभरानंतर पाहिलं, तर स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाला हर्निया पुन्हा झाला होता, कंपनीच्या जाळीच्या गटात कुणालाच नाही. सूज, दुखणं वगैरे त्रास दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. २०१६ मध्ये हा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तेव्हा स्वस्त जाळीची किंमत साधारण एक डॉलर होती, कंपनीच्या जाळीची सव्वाशे.

ही गोष्ट ऐकून कुणी घरातली मच्छरदाणी कापून दवाखान्यात नेऊ नये. कीटकनाशक लावलेलं कापड शरीरात चालत नाही, आणि निर्जंतुक करताना उष्णता जास्त झाली तर हे कापड आकसतं. ते काम सर्जनचं.

मला आज आपल्याशी बोलायचंय ते त्या 'वर्षभरानंतर'बद्दल. युगांडातले जवळजवळ सगळे रुग्ण पुन्हा तपासणीला आले, म्हणून तो निष्कर्ष पक्का ठरला. आपल्याकडे टाके निघाले, दुखायचं थांबलं की माणूस परत येत नाही. आला नाही म्हणजे बरा झाला, की दुसऱ्या दवाखान्यात गेला, की घरी जखम चिघळली? डॉक्टरला कळायला मार्ग नसतो. मग कोणती पद्धत आपल्या उन्हातान्हात, आपल्या कष्टकरी शरीरांवर टिकते, हे ठरवायचं कसं? परदेशातल्या आकड्यांवर किती दिवस भागवायचं?

तुम्हाला कुणी अभ्यासात सहभागी व्हायला विचारलं तर घाबरू नका, पण विचारल्याशिवाय सहीही करू नका. रुग्णालयाच्या नैतिकता समितीने मंजुरी दिली आहे का, त्रास झाला तर खर्च कोण करणार, हे विचारा. माहितीचा कागद मराठीत मागा आणि घरी वाचून घ्या. नको वाटलं तर मधूनच बाहेर पडता येतं, त्यामुळे तुमचे उपचार थांबता कामा नयेत.

आणि डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख लिहून घ्या. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणार असाल, तर तसं आधीच सांगा, घरच्या दोघांचे फोन नंबर देऊन ठेवा. येणं जमलं नाही आणि दवाखान्यातून फोन आला, तर फुगवटा पुन्हा दिसतो का, वजन उचलताना दुखतं का, एवढं तरी त्यांना नक्की सांगा.