छातीतला जादा आवाज



जूनमध्ये शाळा, आश्रमशाळा उघडल्या की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं पुन्हा डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर फिरू लागतील. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासली जातात, शाळेतली एकदा. एखाद्या मुलाच्या कार्डावर ‘मर्मर’ असं लिहिलं जातं आणि घरी निरोप पोचतो तो ‘पोराच्या हार्टला होल आहे’ असा. आईबाप हबकतात. खरं तर मर्मर ही नुसती खूण आहे, आजाराचं नाव नव्हे.

हृदयाच्या झडपा मिटताना दोन आवाज होतात. रक्ताच्या प्रवाहात खळबळ उडाली की त्यांच्यामधे तिसरा, फुसफुसणारा आवाज येतो. तो पुष्कळ धडधाकट मुलांतही कधी ना कधी सापडतो. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी १९०९ सालीच अशा निर्दोष मर्मरीचं वर्णन करून ठेवलं आहे. मूल आडवं असताना छातीच्या मधल्या हाडाच्या डावीकडे ती हळू, सुरेल ऐकू येते. मूल उठून बसलं की बरीचशी विरते. म्हणून घाई न करता मुलाला झोपवून, बसवून, उभं करून ऐकावं. आधी तळहात छातीवर ठेवावा. थरथर लागली तर ती मर्मर निर्दोष नव्हे. दुसऱ्या आवाजानंतर, हृदय सैलावताना येणारी मर्मरही तशी सोडू नये. जांघेतली नाडी चाचपावी, पाठीलाही स्टेथोस्कोप लावावा.

आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असं मात्र नाही. वाडीतल्या पाइपाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी सूंऽ करत उडतं, तसं हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र लहान असलं तर आवाज दणदणीत येतो, आणि अशी कितीतरी छिद्रं आपोआप बुजतात. मोठं छिद्र कमी बोलतं. ते कळतं दूध पिताना दमणाऱ्या, कपाळावर घाम फुटणाऱ्या, वजन न भरणाऱ्या बाळाकडे पाहून.

आता आपल्या भागाचा खरा पेच. इथं अंगात रक्त कमी असणं नवं नाही आणि वारली, कोकणा, धोडिया, दुबळा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. हिमोग्लोबिन उतरलं की पातळ झालेलं रक्त वेगानं धावतं आणि निरोगी झडपांतूनही मर्मर उठते. त्यामुळे ‘रक्त कमी आहे, म्हणून आवाज’ असं म्हणून मोकळं होणं सोपं जातं. मला यालाच हरकत घ्यायची आहे. हिमोग्लोबिन वर आल्यावर तीच छाती पुन्हा ऐकल्याशिवाय हे निदान पुरं होत नाही. आवाज तसाच राहिला, तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायलाच हवी. शिवाय रक्त फार कमी असलेल्या मुलाचे ओठ जन्मजात हृदयविकार असूनही निळे दिसत नाहीत, कारण निळेपणा दिसायला ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन पुरेसं असावं लागतं. तेव्हा डोळ्यांवर विसंबू नये, बोटाला ऑक्सिमीटर लावावा. खेळता खेळता धापा टाकत उकिडवं बसणाऱ्या मुलाला तर लगेच पाठवावं. सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं केंद्र आहे, तिथं या आजारावर काम चालतं.

मोठ्यांबद्दल थोडंच सांगतो. उतारवयात चढ चढताना घेरी आली, छातीत दुखलं आणि मर्मर मानेपर्यंत ऐकू आली, तर महाधमनीची झडप आखडलेली असू शकते. पण मला अधिक काळजी वाटते ती तरण्या बायकांची. लहानपणी घसा दुखून नंतर सांधे सुजलेले असतात, ते विसरलं जातं. संधिवाताच्या त्या तापानं हृदयाच्या डावीकडच्या दोन कप्प्यांमधली झडप मात्र आकसत जाते. तिची मर्मर मंद, घरघरती असते. बाईला डाव्या कुशीवर वळवून हृदयाच्या टोकाशी ऐकलं नाही तर ती निसटते, आणि गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढलं की एकाएकी दम लागतो. म्हणून पहिल्याच तपासणीत आशाताईंनी तिला डॉक्टरांपुढे न्यावं, नुसतं वजन आणि लोहाच्या गोळ्यांवर भागवू नये.

या तापाच्या रुग्णांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. भातकापणी, दिवाळी आटोपली की कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात आणि नेमकी तिथं साखळी तुटते. इकोचा कागद आणि इंजेक्शनच्या तारखांचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून भांड्याकुंड्यांबरोबर न्यायला सांगा. भट्टी गुजरातेत असो की भिवंडीकडे, जवळच्या सरकारी दवाखान्यात ते कार्ड दाखवून पुढचं इंजेक्शन मागता येतं.