फास्ट डेटाबेस कोणता? आधी वीज घालवून बघा



निवृत्तीनंतर मी हौसेने डेटाबेसच्या नादी लागलो. तेव्हापासून तरुण मंडळी मला एकच प्रश्न विचारतात. "सर, मायएसक्यूएल घेऊ, पोस्टग्रेस घेऊ, की एसक्यूलाइट? फास्ट कुठला?" आज या तिघांची तुलना करू. तिन्ही फुकट मिळतात आणि तिन्ही जगभर वापरले जातात. पण आधी माझ्या एका चुकीची गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी माजी सैनिक आणि वीरनारींच्या नोंदणीचं एक शिबिर होतं. नोंदणीचा प्रोग्राम माझ्याकडे होता. आदल्या रात्री जुन्या याद्या भरायला फार वेळ लागत होता, म्हणून मी एक सेटिंग बंद केलं. लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचलं का, याची वाट बघू नकोस, असं डेटाबेसला सांगितलं. तासाभराचं काम काही मिनिटांत झालं. मी खूश झालो, झोपायला गेलो आणि सेटिंग परत चालू करायला विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. थोड्या वेळाने यूपीएसनेही मान टाकली. मशीन पुन्हा सुरू केलं, तर डेटाबेस उघडेना. हातात होता फक्त आदल्या रात्रीचा बॅकअप. सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी गेल्या होत्या. लोकांना फोन करून परत बोलवावं लागलं. एक आजी दोन बस बदलून आल्या होत्या. त्या पुन्हा आल्या आणि मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

तो डेटाबेस कुठला होता, हे सांगत नाही. दोष त्याचा नव्हता, माझा होता.

तेव्हापासून वेगाचा आकडा ऐकला की मी विचारतो, हा वेग कशाच्या बदल्यात? युनिटच्या स्टोअरमध्ये एका लेजरमधून वस्तू वजा झाली, तर दुसऱ्या लेजरमध्ये ती जमा व्हायलाच हवी. दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही नाही. डेटाबेसमध्ये याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. आणि 'कमिट झालं' हा शब्द आहे. दिलेला शब्द वीज गेल्यावरही पाळायचा, तर नोंद डिस्कवर पोचेपर्यंत थांबावं लागतं. वेळ जातो तो इथे.

एसक्यूलाइटचं उदाहरण घ्या. साध्या संगणकावर हा डेटाबेस सेकंदाला ५०,००० ओळी सहज घालतो, असं त्याचे कर्तेच लिहितात. आणि तेच असंही लिहितात, की मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या जुन्या हार्डडिस्कवर सेकंदाला साधारण ६० ट्रान्झॅक्शन होतात. दोन्ही विधानं खरी आहेत. ५०,००० ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधल्या, तर डिस्कसाठी एकदाच थांबावं लागतं. प्रत्येक ओळ वेगळी कमिट केली, तर दर वेळी थांबावं लागतं. डेटाबेस तोच, मशीन तेच, आणि फरक जवळपास हजारपट! म्हणून कुणी नुसता आलेख दाखवला, तर भुलू नका.

मायएसक्यूएलमध्ये हे सेटिंग मुळात सुरक्षित असतं. ते ढिलं केलं, तर वीज गेल्यावर शेवटच्या साधारण सेकंदाभरातल्या नोंदी जाऊ शकतात. पोस्टग्रेसमध्ये दोन वेगळी सेटिंग्ज आहेत. 'सिंक्रोनस कमिट' बंद केलं, तर शेवटच्या काही नोंदी जातील, पण डेटाबेस शाबूत राहील. 'एफसिंक' बंद केलं, तर अख्खा डेटाबेस बिघडू शकतो. तुलना करताना तिघांनाही एकाच कडक शिस्तीत उभं करा.

आता स्वभाव बघू.

एसक्यूलाइटला सर्व्हरच नाही. सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. रिचर्ड हिप हे अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. सर्व्हर बंद पडला म्हणून प्रोग्राम अडून बसू नये, हा विचार त्यांच्या मनात तिथे आला आणि २००० साली एसक्यूलाइट बाहेर पडला. आज तो तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. वाचणारे कितीही चालतील, पण लिहिणारा एका वेळी एकच. एका मशीनचं काम असेल, तर याच्याइतकं सुटसुटीत काही नाही.

मायएसक्यूएल १९९५ चा. २०१० पासून तो ओरॅकल कंपनीकडे आहे. यात ओळी प्रायमरी कीच्या क्रमानेच ठेवलेल्या असतात, त्यामुळे क्रमांक सांगून नोंद काढणं फार जलद होतं. दुसऱ्या इंडेक्सवरून शोधलं, तर आधी की मिळते आणि मग ओळ, अशा दोन पायऱ्या होतात. प्रत्येक जोडणीला एक हलका थ्रेड लागतो, म्हणून खूप छोट्या जोडण्या त्याला जड जात नाहीत.

पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ साली बर्कली विद्यापीठात झाली. हा ओळ बदलताना जुनी खोडत नाही, नवी लिहितो. जुन्या ओळी नंतर 'व्हॅक्यूम' झाडून काढतो. सतत बदल होत असतील आणि इंडेक्स बरेच असतील, तर लिहिण्याचा भार वाढतो. उबरने पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएल घेतला, त्याची २०१६ साली सांगितलेल्या कारणांत हेही होतं. शिवाय प्रत्येक जोडणीला वेगळी प्रोसेस लागते, म्हणून शेकडो जोडण्या असतील तर मध्ये पीजीबाउन्सरसारखा द्वारपाल बसवावा. पण गुंतागुंतीच्या क्वेरी, इंडेक्स केलेला जेसन, पोस्टजीआयएसमुळे नकाशांचं काम, यांत तो पक्का आहे. आणि टेबलाची रचना बदलताना मध्येच चूक झाली, तर तो बदलही मागे घेता येतो. मायएसक्यूएलमध्ये 'ऑल्टर टेबल' म्हटलं की आधीचं काम आपोआप कमिट होतं.

जुने लेख वाचताना तारीख बघा. विंडो फंक्शन पोस्टग्रेसमध्ये २००९ साली आलं, मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली. मायएसक्यूएल 'चेक'ची अट लिहू द्यायचा, पण २०१९ पर्यंत ती पाळत नव्हता. आता पाळतो. ओरॅकलसारख्या काही व्यापारी डेटाबेसच्या परवान्यात तर परवानगीशिवाय चाचणीचे आकडे छापायलाच मनाई असते. म्हणजे बाहेर दिसणारी तुलना मुळातच अपुरी असते.

मग करायचं काय? स्वतः तपासायचं. स्वतःचा डेटा घ्या, नेहमीच्या दहा क्वेरी घ्या. एकट्याने नाही, एकाच वेळी जितके लोक काम करणार आहेत तितक्या जोडण्यांनी चालवा. सरासरीवर जाऊ नका, सगळ्यात सावकाश उत्तरं कितीला आली ते बघा. रांगेतला शेवटचा माणूस तीच वाट बघत असतो. आणि शेवटी, काम चालू असताना सरावाच्या मशीनचा प्लग काढा. किती नोंदी उरल्या ते मोजा. बॅकअपवरून परत उभं राहायला किती वेळ लागला, तोही लिहून ठेवा.

आमच्या शिबिरासाठी आता मी पोस्टग्रेस वापरतो. नोंदी करणारे बरेच असतात आणि फॉर्म दर वर्षी बदलतो, एवढंच कारण. तुमचं काम वेगळं असेल, तर उत्तरही वेगळं येईल. प्लग मात्र मी प्रत्येक शिबिराच्या आधी काढतो. त्या आजींना तिसऱ्यांदा बस बदलायला लावायची नाही.

जय हिंद.