विद्यार्थिदशेंतील उमेदवारी



'अनुभवी इसम पाहिजे' ही ओळ जाहिरातींत वाचली कीं नव्या पदवीधराचा चेहरा उतरतो. अनुभवावांचून नोकरी नाहीं आणि नोकरीवांचून अनुभव नाहीं, असा हा पेच आहे. पदवी हातीं पडल्यावर तो सोडवूं म्हटल्यास फार उशीर होतो. त्याची उकल विद्यार्थिदशेंतच झाली पाहिजे, एवढेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

याचा एक उत्तम वस्तुपाठ आम्हां गोवंडीकरांच्या शेजारींच आहे. १९३६ सालीं 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' ही संस्था मुंबईंत नागपाड्यास निघाली. १९४४ सालीं तिला 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' हें नांव मिळालें व १९५४ सालीं ती देवनारला आली. तेथें समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याचें केवळ व्याख्यानें ऐकून भागत नाहीं. इस्पितळ, शाळा, बालगृह वा वस्ती अशा ठिकाणीं त्यास ठरलेल्या दिवशीं प्रत्यक्ष काम करावें लागतें. पण खरी मेख पुढेंच आहे. केलेल्या कामाची नोंद त्यानें लिहावयाची, ती मार्गदर्शकांपुढें ठेवावयाची, आणि 'असें कां केलेंस?' या प्रश्नास उत्तर द्यावयाचें. नुसत्या धांवपळीस अनुभव म्हणतां येत नाहीं. तिचा जाब द्यावा लागला म्हणजेच तिच्यांतून शिकणें घडतें.

ही रीत इतर शाखांसही अंगीकारतां येईल. वाणिज्याच्या विद्यार्थ्यानें एखाद्या पतपेढींत खतावणी पाहावी. भाषेच्या विद्यार्थ्यानें छापखान्यांत मुद्रितें तपासावीं. १९६९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेंत वर्षास १२० तास सेवा अपेक्षित असते. तेवढ्यांत सभा बोलावणें, हिशेब ठेवणें, अनोळखी माणसाशीं सौजन्यानें बोलणें या गोष्टी अंगवळणीं पडतात. मात्र दर आठवड्यास एक पान लिहावें: काय केलें, काय अडलें, कोणाकडून काय शिकलों. मुलाखतीच्या वेळीं ही वही प्रमाणपत्राइतकीच उपयोगीं पडते.

'पण फुकट राबणें कोणास परवडेल?' असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं तो फार पूर्वीं ओळखला होता. साताऱ्यास १९४७ सालीं निघालेल्या त्यांच्या महाविद्यालयांत गरीब मुलें 'कमवा व शिका' योजनेखालीं श्रम करून शिकलीं. शिकाऊ उमेदवारांस विद्यावेतन देण्याची तरतूद १९६१ च्या कायद्यांतही आहे. म्हणून उमेदवारी पत्करतांना विद्यार्थ्यानें दोन गोष्टी विचाराव्या: शिकवील कोण, आणि मिळेल काय? दोहोंचेंही उत्तर नकारार्थी असेल, तर त्या कामास वेठ म्हणावें आणि तें नाकारावें.

जो मुलगा कॉलेज सुटल्यावर वडिलांच्या दुकानाचा गल्ला सांभाळतो, जी मुलगी सायंकाळीं शिकवण्या करते, त्यांनीं हें काम अर्जांत लाजेनें लपवूं नये. वेळ पाळणें, पैशाचा चोख हिशेब देणें, गिऱ्हाइकाचा राग शांतपणें सोसणें, हें त्यांस आधींच येतें.

शेवटीं विनंती आपणां सुशिक्षित कुटुंबांस. आपल्या कचेरींत वा दवाखान्यांत ओळखीच्या मुलास उमेदवारीची जागा सहज मिळते. त्यांतील एखादी जागा, ज्याच्या घरांत आजवर कोणी कॉलेजाची पायरी चढलेलें नाहीं, अशा मुलासाठीं राखून ठेवावी. त्याला ओळख नसते. ती करून देणें आपल्या हातीं आहे.